पुन्हां ओनामा

वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसानें सकाळच्या प्रहरीं मांडीवर पाटी घेऊन अक्षरें गिरवीत बसावें, ही गोष्ट आमच्या उदगिरांत कौतुकापेक्षां चेष्टेलाच अधिक पात्र ठरते. पाटी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाहीं. माझ्यापुढें खरोखरीची दगडी पाटी असते. कारण कागदावर लिहिलेलें सुखासुखीं पुसतां येत नाहीं, आणि माझ्या सध्यांच्या लेखनांत पुसण्यासारखेंच फार असतें. परवां शेजारचे एक गृहस्थ वर्तमानपत्र मागावयास आले. पाटीवरच्या आकृति पाहून त्यांनीं विचारलें, "गुरुजी, हें काय, घराचा नकाशा काढतां कीं काय?" मीं म्हटलें, "नाहीं, जपानी शिकतों आहें." ते क्षणभर माझ्याकडे पाहत उभे राहिले आणि वर्तमानपत्र न घेतांच परत गेले.

याला कारण झालें एक पत्र. माझा मुलगा नोकरीच्या निमित्तानें टोकियोस राहतो. त्या शहराच्या एदोगावा नांवाच्या भागांत भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती आहे. २०१९ सालीं तेथल्या स्थानिक सभेवर योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रांतले गृहस्थ निवडून आले, त्या वेळीं इकडच्या वर्तमानपत्रांनींही त्याची दखल घेतली होती. आमची नात तेथेंच जन्मली आणि तेथल्याच एका प्राथमिक शाळेंत तिसऱ्या इयत्तेंत शिकते. घरीं ती मराठी बोलते, आणि तेंही उदगिरी वळणाचें. पण तिची मराठी कानाची आहे, डोळ्यांची नाहीं. जपानांत सप्टेंबरचा तिसरा सोमवार हा वृद्धांचा मान राखण्याचा दिवस मानतात व त्या दिवशीं सार्वजनिक सुट्टी असते. त्या निमित्तानें वर्गांतल्या मुलांनीं आपापल्या आजीआजोबांना पत्रें लिहिलीं, आणि त्यांतलें एक समुद्र ओलांडून दसऱ्याच्या आधीं माझ्या हातीं पडलें. मागच्या बाजूस रंगीत खडूंनीं काढलेलें एक झाड होतें. पुढें मात्र वरपासून खालपर्यंत सगळें जपानी.

मुलगा दूरध्वनीवर म्हणाला, "बाबा, फोटो काढून पाठवा, मी वाचून दाखवतों." हल्लीं एवढेंही करावें लागत नाहीं, हातांतल्या यंत्रासमोर कागद धरला कीं त्याचें भाषांतर आपोआप उमटतें. मला तें नको वाटलें. कां नको वाटलें हें सांगावयाचें तर वाचकांना माझ्याबरोबर थोडें मागें यावें लागेल.

आमच्या घरांत माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. तींत लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेले माझ्या वडिलांचे कागद आहेत. वडिलांना तीन लिप्या येत असत, आणि त्यांत त्यांना कांहीं विशेष वाटत नसे. उदगीर हें गांवच तसें आहे. किल्ल्याच्या भिंतींवर अरबी-फारशी लेख कोरलेले आहेत. बाजारांत मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगू या चारही भाषा कानावर पडतात. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला तो येथेंच, तरी हा मुलूख पुढें निजामाकडेच राहिला, तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. त्या राज्यांत सरकारी कामकाज उर्दूंत चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. म्हणून वडील शाळेंत उर्दू शिकले, पोथी बालबोध लिपींत वाचीत, आणि घरचा हिशेब व खाजगी पत्रव्यवहार मोडींत लिहीत. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, त्यांचा हात कोठेंही अडत नसे.

मी पांचसहा वर्षांचा असतांना एकदां संध्याकाळीं त्यांनीं माझी पाटी मागून घेतली, तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "ये, तुला मोडी दाखवतों." मोडींत आधीं ओळभर रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरें लोंबत सोडावयाचीं, हात न उचलतां. मीं म्हटलें, "आमच्या गुरुजींनीं हें शिकवलेलं नाहीं. परीक्षेंत नाहीं." वडिलांनीं पाटी पुसली आणि माझी मला परत दिली. त्यानंतर हा विषय त्यांनीं कधीं काढला नाहीं, आणि मीं तर नाहींच नाहीं. पुढें मी मराठीचा शिक्षक झालों. परंपरा मोडीचा संबंध हेमाडपंतांशीं जोडते, तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहींत, शब्द एकमेकांपासून तोडीत नाहींत, हें सर्व मीं तीस वर्षें मुलांना सांगितलें. एक ओळ वाचतां मात्र आली नाहीं.

२०२३ सालीं मराठवाड्यांतल्या निजामकालीन नोंदी तपासण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना एकाएकीं मोल आलें. त्या दिवसांत एक तरुण आपल्या पणजोबांच्या कागदाची प्रत घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, तुम्हांला येत असेलच," असें म्हणून त्यानें कागद पुढें ठेवला. मीं चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, आणि शेवटीं तसाच परत केला. त्याला त्यांत कांहीं वाटलें नसावें. तो नमस्कार करून दुसऱ्या कोणाच्या शोधांत गेला. मला मात्र त्या रात्रीं माळ्यावरची पेटी फार जवळ आहे असें वाटत राहिलें.

नातीचें पत्र हातांत आलें त्या वेळीं मनांत आलें तें हें. मागचे कागद मला वाचतां येत नाहींत, आणि आतां पुढचेही नाहींत. दोहोंच्या मध्यें मी एकटा बालबोध घेऊन बसलेला.

तेव्हां शिकावयाचें ठरवलें. जपानी लेखनांत तीन प्रकारचीं अक्षरें एकत्र नांदतात, हें आधीं सांगितलें पाहिजे. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्या. प्रत्येकींत मूळ चिन्हें सेहेचाळीस. तिसरा प्रकार कांजी, म्हणजे चीनमधून आलेलीं अर्थचिन्हें. हिरागाना हीं कांजीचींच घाईनें लिहिलेलीं, वळणें घेऊन गोल झालेलीं रूपें. काताकाना हे त्यांचे तोडून घेतलेले तुकडे. लेखणीच्या घाईनें लिपीला नवें रूप येतें हें मोडीच्या प्रदेशांतल्या माणसाला निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

हिरागानाचा तक्ता मुलानें पाठवला. मीं पहिली ओळ वाचली: आ, इ, उ, ए, ओ. पुढें पाहिलें: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी दचकलों. ही तर आमची वर्णमाला! स्वर आधीं, व्यंजनें मागून. कंठ्य प्रथम, ओष्ठ्य शेवटीं, आणि त्यानंतर य, र, व. 'सा' ची ओळ च-वर्गाच्या जागीं उभी आहे. 'हा' ची ओळ प-वर्गाच्या जागीं आहे, कारण फार पूर्वीं तिचा उच्चार 'पा' असा होता. हें साम्य योगायोगाचें नव्हे. कुकाई नांवाचा बौद्ध भिक्षु ८०४ सालीं जपानांतून चीनला गेला आणि ८०६ मध्यें परतला. तेथें तो संस्कृत आणि सिद्धम् ही भारतीय लिपि शिकला. त्याच्या आणि त्याच्यासारख्या भिक्षूंच्या अभ्यासांतून आपला वर्णक्रम तिकडे रुजला. जपानांत कबरींमागें उभ्या करतात त्या लाकडी फळ्यांवर आजही सिद्धम् अक्षरें लिहितात. त्या फळीला म्हणतात सोतोबा, म्हणजे आपला स्तूपच. आणि या लिपीला सिद्धम् हें नांव कां पडलें? अक्षरें घालून देतांना आरंभीं तो मंगल शब्द लिहीत असत म्हणून. आपल्याकडेही मुलाला पहिला धडा 'ॐ नमः सिद्धम्' असाच देत. त्याचाच घासून घासून 'ओनामा' झाला. सत्तराव्या वर्षीं परक्या लिपीचा ओनामा करावयास बसलों तों समोर तोच शब्द!

या आनंदांत हिरागाना महिन्याभरांत हातीं आली. अडचणी आल्या त्या जुळ्या अक्षरांच्या. 'सा' आणि 'ची' हीं आरशांत पाहिल्यासारखीं एकमेकांचीं उलटीं. 'नु' आणि 'मे' यांत शेवटच्या एका गाठीचा फरक. 'वा', 'ने' आणि 'रे' तिघे सख्खे भाऊ, केवळ शेपटीवरून ओळखावयाचे. काताकाना मला अजूनही आवडत नाहीं. 'शी' आणि 'त्सु' यांत रेघांच्या तिरपेपणाशिवाय दुसरा भेद नाहीं, आणि माझ्या हाताला तेवढा तिरपेपणा साधत नाहीं. न आवडण्याचें आणखी एक कारण आहे. परदेशी शब्द आणि परदेशी माणसांचीं नांवें जपानांत काताकानांत लिहितात, आणि तेथें जन्मलेल्या माझ्या नातीचें नांव शाळेच्या हजेरींत त्याच अक्षरांत आहे.

पत्रांतला पहिला शब्द मात्र हिरागानांत होता, आणि सगळ्या पत्रांत मला प्रथम वाचतां आला तो तोच. दोनच अक्षरें. पहिलें 'आ'. दुसरें 'हा' सारखें, पण त्याच्या खांद्यावर दोन बारीक रेघा. त्या दिल्या कीं 'हा' चा 'बा' होतो. आबा! जपानी पत्रांत माझी नात मला मराठींत हाक मारीत होती. नियमानें तिनें हा परका शब्द काताकानांत लिहावयास हवा होता, असें मुलानें सांगितलें. बाईंनीं दुरुस्त केला नाहीं ही त्यांची कृपा. त्यांतला 'आ' ज्या कांजीपासून वळला तिचा अर्थ स्वस्थता, आणि 'हा' ज्या कांजीपासून वळला तिचा अर्थ लाट, हें मला पुढें कळलें.

खरा डोंगर कांजीचा. जपानी मुलाला पहिल्या इयत्तेंत ८०, दुसरींत १६०, तिसरींत २०० आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत एकूण १०२६ कांजी शिकाव्या लागतात. सर्वसाधारण व्यवहारासाठीं सरकारनें ठरवलेली यादी २०१० पासून २१३६ अक्षरांची आहे. मीं आपल्या पिढीजात मार्गानें आरंभ केला, म्हणजे घोकंपट्टी. एकेक कांजी शंभर वेळां गिरवावयाची. रात्रीं ती येई, आणि सकाळीं अशी नाहींशी होई कीं जणूं कधीं भेटलीच नव्हती. तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं आपलें सगळें पाठांतर तोंडाचें आहे. पाढे, आरत्या, स्तोत्रें, रामरक्षा, सारें ओठांवर बसलेलें असतें. एक शब्द निसटला तरी पुढच्या शब्दाचा ताल त्याला ओढून आणतो. कांजीला ताल नाहीं. इतकेंच काय, तिला ठराविक उच्चारही नाहीं. उदगिराच्या बाजारांत ५ हा आकडा मराठी माणूस 'पांच' म्हणून वाचतो, कानडी माणूस 'ऐदु' म्हणून, आकडा तोच. कांजीचें तसेंच आहे. पर्वताची कांजी एकटी असेल तर 'यामा', आणि फुजी या नांवापुढें आली कीं 'सान'. हा 'सान' आदरार्थी नव्हे. चीनमधून आलेला पर्वतवाचक शब्द आहे. म्हणजे तीन टोकांचें एकच चिन्ह काढावें, तें एकटें असतां 'डोंगर' वाचावें, आणि 'उदयगिरि' लिहितांना त्यालाच 'गिरि' म्हणावें, असा प्रकार.

जेम्स हायसिग नांवाच्या एका अमेरिकन अभ्यासकानें १९७७ सालीं कांजी लक्षांत ठेवण्याविषयीं एक पुस्तक काढलें. हे गृहस्थ नागोया येथील नानझान विद्यापीठांतले, तत्त्वज्ञान व धर्म या विषयांचे. त्यांचें म्हणणें असें कीं कांजी रेघांची मोजूं नये, तिचे घटक ओळखावे. प्रत्येक घटकाला एक नांव द्यावें आणि त्या नांवांची एक गोष्ट रचावी. गोष्ट आठवली कीं अक्षर आपोआप हातांतून उतरतें. मीं पुस्तकांतल्या गोष्टी वाचल्या. त्या माझ्या डोक्यांत राहिल्या नाहींत. मग मीं माझ्या रचल्या. झाडाची कांजी सोपी: खोड, आडवी फांदी आणि दोन्हीं बाजूंस उतरत्या डहाळ्या. दोन झाडें म्हणजे राई, तीन म्हणजे रान. झाडाला माणूस टेकला कीं विश्रांति; ही आमच्या अंगणांतल्या लिंबाखालीं रोज दुपारीं दिसते.

पण माझा विश्वास बसला तो देवळाच्या कांजीनें. जपानांत ती बौद्ध मंदिरासाठीं आहे. मीं तिथें किल्ल्यांतला उदागीर महाराजांचा मठ बसवला. मठाशेजारीं सूर्य आला कीं 'वेळ'. मठापुढें वाट आली कीं 'वाट पाहणें', आणि तसा एक भिकारी तेथें बसलेला मीं लहानपणीं पाहिला आहे. मठाजवळ हात आला कीं 'हातीं धरणें'. तेथल्या जत्रेंत आईनें माझा हात धरला होता. मठापाशीं बोलणें आलें कीं काय होतें? 'कविता'! २०२२ च्या एप्रिलांत उदगिराला पंचाण्णवावें साहित्य संमेलन भरलें तेव्हां गांवांत इतके कवि जमले होते कीं हें अक्षर विसरणें मला शक्यच नाहीं. एका सकाळीं पांच कांज्या आल्या आणि पुन्हां गेल्या नाहींत.

पंडित लोक म्हणतात कीं हें मंदिर त्या अक्षरांत अर्थासाठीं आलेलें नसून मुख्यतः उच्चारासाठीं आलें आहे. तें खरें असावें, कारण मंदिर 'जी', वेळ 'जी', धरणें 'जी' आणि कविता 'शी' असे त्यांचे चिनी वळणाचे उच्चार एकमेकांना चिकटून आहेत. हें कळल्यावर माझ्या कानालाही थोडें काम मिळालें. हायसिगसाहेबांच्या पद्धतींत मला हाच एक दोष वाटतो: अर्थ आधीं आणि उच्चार फार मागून. दोनशें अक्षरें ओळखीचीं झालीं आणि त्यांतलें एकही मोठ्यानें म्हणतां येईना, अशी माझी कांहीं दिवस स्थिति होती.

नातीला या गोष्टींची गरज लागत नाहीं. ती चौकटींच्या वहींत लिहून शिकते, आणि कोणती रेघ आधीं व कोणती मागून याबद्दल ती फार कडक आहे. रविवारीं पडद्यावर आमची शिकवणी होते. "आबा, आडवी आधी! खालून वर नाही जायचं!" असें ती ओरडते. मी म्हणतों, शेवटीं अक्षर तेंच दिसतें ना? त्यावर ती आपल्या आईकडे अशा नजरेनें पाहते कीं, वर्गांतल्या कांहीं मुलांकडे मी कसा पाहत असेन याची मला कल्पना येते. तिनेंच मला दोन कांज्या आपण होऊन शिकवल्या. घराच्या छपराखालीं मूल, म्हणजे 'अक्षर'. आणि झाडावर उभें राहून पाहणारा, म्हणजे 'आई किंवा बाप'. ही दुसरी फोड केवळ लक्षांत ठेवण्यासाठीं केलेली आहे, खऱ्या व्युत्पत्तीशीं तिचा संबंध नाहीं. पण जपानांत ती पुष्कळांना ठाऊक असते.

पत्र पूर्ण लागावयास पांच महिने लागले. तिनें लिहिलें होतें: आबा, बरे आहांत का? आम्ही शाळेंत रताळीं काढलीं. तुमच्या अंगणांतलें मोठें झाड अजून आहे का? नेहमीं ठणठणीत राहा. एवढेंच. मुलानें पहिल्याच दिवशीं अर्ध्या मिनिटांत सांगितलें असतें. मीं उत्तर लिहिलें, 'झाड आहे.' जपानींत 'आहे' दोन आहेत: हालचाल करणाऱ्या सजीवांना एक, बाकी सगळ्यांना दुसरें. मीं झाडाला सजीवाचें लावलें. मुलगा म्हणाला, चूक. झाड जागचें हालत नाहीं म्हणून त्याला दुसरें. मीं दुरुस्ती केली, पण जगदीशचंद्र बसूंच्या देशांतल्या माणसानें ती राजीखुशीनें केली असें कोणीं समजूं नये.

फेब्रुवारींत माळ्यावरची पेटी खालीं काढली. मोडीचे तक्ते मिळतात, शिकवण्याचे वर्गही अलीकडे चालतात, पाटी होतीच. जपान्यांनीं आपली अक्षरसंख्या १९४६ सालीं १८५० वर आणली, ती १९८१ मध्यें १९४५ केली, पुढें पुन्हां वाढवली, आणि हें सारें चर्चा करून, भांडून केलें. आपण मोडी सोडली ती कोणाला जाणवलेंही नाहीं. माझा राग तेवढ्यापुरता. कारण आमच्या घरांत ती सोडणारा मीच होतों. रुमालांतला जो कागद मीं प्रथम हातीं घेतला तो खर्चाची यादी निघाली. जवारी, करडी, मीठ, दिव्याचें तेल. आठ दिवसांत चार ओळी लागल्या. पांचवींत माझें नांव होतें, आणि त्यापुढें 'पाटी'.

अजून पुष्कळ कागद बाकी आहेत. मध्यंतरीं नातीनें सांगितलें कीं आबा जपानी शिकतात तर मीही तुमचीं अक्षरें शिकेन. मीं तिला मोठ्या अक्षरांत क, ख, ग, घ लिहून पाठवले. गेल्या रविवारीं ती तक्ता घेऊन बसली. 'का' ला दोन रेघा दिल्या कीं 'गा' होतो हें तिला ठाऊक. 'ख' चें घर तिच्या तक्त्यांत नाहीं, म्हणून ती आधींच नाराज होती. बराच वेळ कागदाकडे पाहून तिनें विचारलें, "आबा, मग 'घ' ला रेघा किती?"